इतकं पाणी पिऊनही उन्हाळी परत परत का? जंतू वाहून का जात नाहीत?

अबोली
नमस्कार मंडळी. विषय जरा खाजगी आहे, पण इथे टोपणनाव आहे म्हणून धीर करतेय. वय ५४. वर्षभरात तिसऱ्यांदा उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ. पहिल्या वेळी धने-जिऱ्याचं पाणी, वाळा, सब्जा सगळं करून झालं. दुसऱ्या वेळी ओळखीच्या केमिस्टकडून गोळ्या आणल्या (हो, माहितीये, ओरडू नका). तिसऱ्या वेळी मात्र लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) केलं. रिपोर्टात आलं: ई. कोलाय नावाचे जंतू, एका मिलिलिटरात एक लाखाहून जास्त. डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण केला, आता बरं आहे.

माझा प्रश्न औषधाचा नाही. दिवसातून आठ-नऊ वेळा मी ती टाकी रिकामी करते. अंगणात बादलीभर पाणी ओतलं तर माती वाहून जाते, मग हे जंतू आत टिकतातच कसे? लेकाला विचारलं तर मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, ते धरून बसतात." कशाने धरतात? हात आहेत का त्यांना? की काहीतरी ठोकून दिलंन?

उगाच_एक
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी येतो.

तिखटमीठ
अबोली, अगदी हेच माझंही! मला तर दर उन्हाळ्यात. ते गुलाबी सिरप घेतलं की दोन तासांत जळजळ थांबते, मग मी पुढे काही करतच नाही.

मिरजेचा_डॉक्टर
तिखटमीठ, ते सिरप लघवीचा आंबटपणा कमी करतं, म्हणून आग थांबते. जंतू जिथल्या तिथे असतात. घरात धूर झाला म्हणून खिडकी उघडली, पण चुलीवरचं करपतच राहिलं, तसला प्रकार.

आणि आधीच सगळ्यांसाठी सांगून ठेवतो: थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त, किंवा बाई गरोदर असेल, तर धागे वाचत बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. बाकी चर्चा चालू द्या, मीही वाचतोय.

सूक्ष्मदर्शी
अबोलीताई, लेकाला शाबासकी द्या. ठोकून दिलेलं नाही, खरंच हात आहेत.

मी जिवाणूंवरच काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे शेकडो तंतू असतात, त्यांना पिलाय म्हणतात. जिवाणू स्वतः जेमतेम दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, आणि तंतूही साधारण एक-दोन मायक्रॉनचे. म्हणजे तुमच्या उंचीइतके लांब हात, तेही शेकड्यांनी. प्रत्येक तंतूच्या टोकाला फिम-एच नावाचं एक प्रथिन असतं. त्यात एक छोटा खळगा, आणि त्या खळग्यात एकच गोष्ट चपखल बसते: मॅनोज नावाची साखर.

आता मूत्राशयाचं आतलं अस्तर बघा. त्याच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनाने फरसबंदी केल्यासारख्या मढवलेल्या असतात, आणि त्या प्रथिनाला मॅनोजच्या साखळ्या लटकत असतात. आपल्या शरीराने त्या जंतूंसाठी टांगलेल्या नाहीत. पण खुंटी दिसली की कोणीतरी पिशवी अडकवणारच.

तुमचा खरा प्रश्न मात्र पुढचा आहे. धरलं तरी धारेने सुटत का नाही? २००२ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी हे जंतू आणि लाल रक्तपेशी एकमेकांना चिकटवल्या आणि वरून पाण्याचा प्रवाह सोडला. प्रवाह वाढवला तशी पकड सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट झाली! फिम-एचची घडणच तशी आहे. ओढ बसली की त्याचे दोन भाग एकमेकांपासून जरा लांब होतात आणि साखरेवरचा खळगा आवळला जातो. सरकफाशासारखं. ओढ गेली की पुन्हा सैल, मग जंतू हळूहळू सरकत पुढची जागा शोधतो.

शिवाय तंतूचा दांडा स्प्रिंगसारखा वेटोळ्यांचा असतो. धार जोरात आली की वेटोळी उलगडतात, तंतू कितीतरी पट लांबतो, झटका तिथेच जिरतो. धार थांबली की परत गुंडाळी.

जुनी_खोडी
म्हणजे यशवंती घोरपडच की! शेपटीला दोर बांधून जितकं ओढाल तितकी कड्याला घट्ट. :D

सासवडकर
घोरपडीची गोष्ट पोवाड्यातली आहे, इतिहासातली नाही. मावळे दोरावरून चढले एवढं पुरे. कृपया इथे तो वाद नको.

जुनी_खोडी
वाद तुम्हीच काढलात राव. मी नुसती घोरपड सोडली.

उगाच_एक
आलो. मला आपली विरार लोकल आठवली. गाडी स्टेशनात उभी असताना वरच्या कडीला हात नुसता टेकवलेला असतो. मोटरमनने ब्रेक मारला की तीच मूठ पांढरी पडेपर्यंत आवळली जाते, आणि गाडी थांबली की आपण सैल सोडून दाराकडे सरकतो. बरोबर?

सूक्ष्मदर्शी
बरोबर, आणि माझ्या सरकफाशापेक्षा कितीतरी बरं. सरकणंही आलं त्यात.

तिखटमीठ
हे वाचून पोटात गोळा आला. मग पाणी पिऊन उपयोग शून्य म्हणायचा?

मिरजेचा_डॉक्टर
अजिबात नाही, तेवढं चुकीचं घेऊन जाऊ नका. २०१८ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. वारंवार त्रास होणाऱ्या आणि एरवी कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. जवळजवळ निम्मा फरक.

चिकटलेले सुटत नसतील, पण जे अजून चिकटलेले नाहीत आणि लघवीत पोहत वाढतायत, ते तर बाहेर जातात ना. मात्र त्या सगळ्या पाळी चालू असलेल्या बायका होत्या. अबोलीताईंच्या वयाला आणखी एक बाजू आहे, त्यावर नंतर लिहितो. ओपीडी सुरू झाली.

रानभूल
क्रॅनबेरीचा रस प्या सगळ्यांनी. त्यातल्या ॲसिडने जंतू मरतात. माझी अमेरिकेतली नणंद गेली दहा वर्षं पितेय, एकदाही त्रास नाही.

सूक्ष्मदर्शी
रानभूल, गुण आहे, पण तो ॲसिडचा नाही. क्रॅनबेरीत एका विशिष्ट जातीची तुरट द्रव्यं असतात, ती जंतूंच्या तंतूंना चिकटू देत नाहीत असं प्रयोगशाळेत दिसतं. म्हणजे मारत नाहीत, हात धरतात. २०२३ च्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ५० अभ्यास एकत्र पाहिले होते. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण पाव हिश्शाने कमी झाला. झालेलं इन्फेक्शन त्याने बरं होतं असं मात्र कोणी समजू नये.

कोकणकडा
मग आमची करवंदं काय वाईट? बाजारात "क्रॅनबेरी" म्हणून लाल पाकातली करवंदंच विकतात की.

रानभूल
अरे हो! माझ्या फ्रीजमध्ये एक पाकीट आहे, त्याच्या मागे बारीक अक्षरात करवंदच लिहिलंय. पुढे मोठ्ठी क्रॅनबेरी!

सूक्ष्मदर्शी
करवंद कण्हेरीच्या कुळातलं. तोडलं की देठातून पांढरा चीक येतो तो त्याचमुळे. क्रॅनबेरीचं आणि त्याचं नातं नाही. रंग आणि आंबटपणा सारखा म्हणून एकाचा गुण दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

कोकणकडा
चिकटवता येत नाही म्हणे. या धाग्यावर! आम्ही मे महिन्यात द्रोणभर खाणारच, उन्हाळी गेली तर गेली.

गोठेवाला
चीक शब्द वाचून राहवलं नाही, म्हणून पहिल्यांदाच लिहितोय. मी जनावरांचा डॉक्टर, कोल्हापूर भागात. तुम्ही सगळे माणसांत अडकलात. हा चिकटण्याचा धडा आम्ही गोठ्यात रोज बघतो.

जन्मल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत वासराला पांढरट-पिवळी पातळ हगवण लागते. डोळे खोल जातात, कान गार पडतात, संध्याकाळी उड्या मारणारं वासरू सकाळी आडवं. अशा वेळी बऱ्याचदा ई. कोलायच असतो, पण वेगळ्या जातीचा. त्याच्या तंतूंना के-९९ म्हणतात. ते वासराच्या लहान आतड्याच्या अस्तराला पकडतात आणि तिथे बसून विष सोडतात. आतडं फाटत नाही, रक्त येत नाही, नुसतं पाणी सुटत राहतं. गंमत अशी की ज्या साखरेला हे तंतू पकडतात, ती कोवळ्या आतड्यावर भरपूर असते आणि वासरू वाढतं तशी कमी होते. म्हणून आठवडाभराचं वासरू त्याच गोठ्यात, त्याच शेणात लोळतं आणि त्याला काही होत नाही.

उपाय काय करतो? गाय गाभण असतानाच, विण्याच्या काही आठवडे आधी, तिला या तंतूंविरुद्धची लस देतात. गाईच्या अंगात त्या तंतूंना ओळखणारी प्रतिद्रव्यं तयार होतात आणि चिकात, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधात, उतरतात. वासराने चीक प्यायला की ती तंतूंच्या टोकांना आधीच गुंडाळून टाकतात. जंतू पोटात जातो, पण त्याला धरायला हातच मोकळा नसतो. शेणाबरोबर बाहेर.

पण चीक वेळेवर पोटात गेला पाहिजे. पहिल्या सहा तासांत, आणि वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. चिकातली प्रतिद्रव्यं रक्तात शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची ताकद पहिल्या दिवसातच संपते. आणि आमच्याकडे काय होतं? गाय व्यायली की शेजारपाजारचे तांब्या घेऊन हजर. खरवस! मी एका घरी बघितलंय, पहिल्या धारेचा चीक चार घरांत वाटला, वासराला उरला तो तांब्याच्या तळाचा. तिसऱ्या दिवशी मला फोन.

तिखटमीठ
गोठेवाला, काय लिहिलंत! पुढच्या वेळी खरवस खाताना घास अडकणार आता.

गोठेवाला
खा की, पण वासराचं झाल्यावर. चांगल्या गाईला भरपूर असतो.

सासवडकर
वाचनखूण साठवली. माझा वेगळा प्रश्न. आमच्या आजोबांना अल्सर होता, ते म्हणायचे, "आमचा ओ ग्रुप, आम्हाला पोटाचा त्रास असायचाच." याला काही आधार आहे का?

सूक्ष्मदर्शी
आहे! ओ गटाच्या लोकांत अल्सरचं प्रमाण थोडं जास्त, हे १९५० च्या दशकातच नोंदवलं गेलं होतं. कारण कळायला बराच काळ गेला, कारण अल्सरमागे जंतू असतो हेच कोणी मानत नव्हतं. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलने हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचं कल्चर स्वतःच पिऊन टाकलं आणि स्वतःच्या पोटाला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरनना मिळालं.

हा जंतू जठरातल्या चिकट श्लेष्माच्या थरातून स्क्रूसारखा आत शिरतो आणि खालच्या पेशींना पकडतो. कशाला? तर रक्तगटाच्या साखरेला. ए, बी, ओ या खुणा फक्त लाल पेशींवर नसतात. बहुतेकांच्या लाळेत, जठराच्या आणि आतड्याच्या अस्तरावरही असतात. जंतूचं बॅब-ए नावाचं प्रथिन त्यातल्या लुईस-बी नावाच्या साखरेला धरतं. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत जवळजवळ सगळेच ओ गटाचे. तिथल्या बऱ्याच जंतूंचं बॅब-ए फक्त ओ ची साखर पकडण्याइतकं विशेष झालेलं सापडलं. गिऱ्हाईक एकच असेल तर दुकानदार एकच माल ठेवतो.

जुनी_खोडी
आणि बॉम्बे ब्लड ग्रुपवाले? माझ्या भाचीचा तोच आहे. रक्तदात्यांच्या यादीत तिचं नाव ठळक अक्षरात असतं.

सूक्ष्मदर्शी
सुंदर प्रश्न. हा गट मुंबईतच, १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला. ए, बी, ओ या तिन्हींच्या पायाशी एच नावाची साखर असते. या लोकांत तीच बसवली जात नाही. लुईस-बी तयार व्हायलाही तोच टप्पा लागतो, त्यामुळे बॅब-ए ची ठरलेली खुंटीच त्यांच्या जठरात नसते. पण भाचीला निर्धास्त राहा म्हणून सांगू नका. या जंतूकडे सॅब-ए वगैरे दुसरेही हात आहेत.

उगाच_एक
एका हाताने कडी सुटली की दुसऱ्याने दार. पक्का विरारचा!

कोकणकडा
थोडं अवांतर. आमची आजी रांजणाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधायची. आम्ही हसायचो की जंतू काय फडक्यात अडकतात होय?

सूक्ष्मदर्शी
नका हसू. बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांमध्ये हेच करून बघितलं, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. जुन्या सुती साडीच्या चार-आठ घड्या करून कळशीच्या तोंडावर धरायच्या आणि पाणी भरायचं. कॉलराचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. जुनीच साडी का, तर धुऊन धुऊन धागे सुटतात, फुगतात आणि भोकं बारीक होतात. नवी साडी तितकी चालत नाही.

कॉलराचा जंतू एकटा असता तर त्या भोकांतून आरामात गेला असता. पण पाण्यात तो सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगाला चिकटून राहतो, आणि ते प्राणी फडक्यात अडकतात. चिकटायला त्याच्याकडे एक प्रथिन आहे, जीबीपी-ए. त्या प्राण्यांच्या कवचात जी साखर असते, तीच आपल्या आतड्याच्या श्लेष्मातही असते. एकाच हाताने तो पाण्यात झिंग्याच्या चुलतभावंडांना धरतो आणि पोटात आपल्याला. आतड्यात पोचल्यावर आणखी वेगळे तंतू काढून तो एकमेकांना धरून वसाहत करतो, ती गोष्ट वेगळी.

कोकणकडा
आजी असती तर हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला असता. लुगडं नऊवारी होतं, घड्या भरपूर व्हायच्या.

रानभूल
मला एक कळत नाही. मॅनोजलाच धरत असतील तर बाजारात डी-मॅनोजची पावडर मिळते, ती घेतली की झालं! जंतू पावडरला धरतील, आपण त्यांना बाहेर सोडायचं. मी आणलीये, बरीच महाग आहे.

मिरजेचा_डॉक्टर
कल्पना म्हणून फार देखणी. मीही पेशंटना देत होतो. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ५९८ बायकांवरची चाचणी आली. सहा महिने रोज दोन ग्रॅम. पुन्हा त्रास झालेल्यांचं प्रमाण मॅनोजवाल्यांत ५१ टक्के, नुसती दुसरी साखर घेतलेल्यांत ५५.७ टक्के. तो फरक योगायोगाचाही असू शकतो, एवढा लहान. तेव्हापासून मी लिहून देणं थांबवलं.

रानभूल
असं कसं? कागदावर तर सगळं जुळतंय! तुम्ही डॉक्टर लोक स्वस्तातलं, साधं काही सुचवलं की नाक मुरडता.

मिरजेचा_डॉक्टर
आत्ताच तुम्ही ती महाग आहे म्हणालात.

सूक्ष्मदर्शी
भांडू नका. माझा एक अंदाज सांगतो, अंदाज म्हणूनच घ्या. ओढ बसली तरच फिम-एच आवळतो. लघवीत सुटा तरंगणारा मॅनोजचा रेणू कशाला बांधलेला नाही, म्हणून तो ओढ देऊ शकत नाही. जंतू त्याला सैल धरतो आणि सोडतो. अस्तराला बांधलेल्या मॅनोजला मात्र धारेत घट्ट धरून राहतो. लोकलमध्ये कोणी हातात नुसती सुटी कडी आणून दिली तर तिला धरून कोण उभा राहील?

शरीर स्वतःही हीच युक्ती करतं, पण जास्त हुशारीने. मूत्रपिंडं युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सोडतात. निरोगी लघवीत सगळ्यात जास्त असणारं प्रथिन तेच. लांबच लांब धागे, आणि त्यांवर मॅनोज. जंतू त्या जाळ्यात अडकतात आणि गठ्ठ्याने बाहेर जातात.

उगाच_एक
जंतूला धागे, लघवीत धागे, साडीचे धागे, आणि हा आपला धागा. संपादक, हे मुद्दाम आहे का?

अबोली
दोन दिवस नुसती वाचत बसले. लेकालाही वाचायला दिला, तो म्हणतो, "बघ, बोललो होतो." आता त्याच्याशी बोलायची सोय नाही.

पण माझं एक राहिलंच. धरतात हे कळलं. गोळ्यांनी मेले. मग परत येतात कुठून? कल्चरमध्ये पुन्हा तेच नाव.

सूक्ष्मदर्शी
दोन वाटा. एक, उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की पकडून झाल्यावर काही जंतू पेशीच्या आतच शिरतात आणि तिथे गठ्ठे करून राहतात. आत ना धार पोचते, ना बरीचशी औषधं. माणसांच्या लघवीतल्या पेशींतही असे गठ्ठे दिसले आहेत. दुसरी वाट साधी: ई. कोलायचं मूळ घर आतडं. तिथून पुन्हा येतो.

मिरजेचा_डॉक्टर
आणि ती राहिलेली बाजू. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, योनिमार्गातले लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू घटतात, तिथला आंबटपणा जातो. राखणदार गेले की आतड्यातला ई. कोलाय तिथे येऊन बसतो आणि पुढचा रस्ता जवळचाच. १९९३ च्या एका चाचणीत योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमवाल्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा त्रास झाला, औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. हे प्रत्येकीला चालतंच असं नाही, आधी कुठला कॅन्सर झाला असेल तर तो सांगायलाच हवा. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. लाजून राहू नका, त्या रोज हेच ऐकतात.

तिखटमीठ
हे मला आजवर एकाही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. गुलाबी सिरपवर आठ वर्षं काढली मी!

अबोली
तीन आठवड्यांनी वर काढतेय धागा. बाईंकडे जाऊन आले. तपासलं, क्रीम सुरू झालंय, पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. पाण्याच्या बाटलीवर लेकाने मार्करने रेघा मारून वेळा लिहून दिल्यात: ११, १, ४, ६. चारची रेघ नेहमी चुकते.

गोठेवाला
छान. आमच्याकडे काल लस दिलेली एक गाय व्यायली. वासराने पोटभर चीक प्यायला, शेपटी वर करून पळतंय. त्यानंतर दोन तांबे खरवसाला निघाले.

कोकणकडा
पत्ता द्या.